डीलरकडून जुनी मोटरहोम घेताना: तपासणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जुनी मोटरहोम (मागे राहायचं घर बांधलेली गाडी) किंवा मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन घेणारे बहुतेक लोक एकाच पद्धतीने फसतात. आधी आत शिरून पलंग, ओटा, सोफे बघायचे, मग किंमत विचारायची, एक चक्कर मारायची, टोकन द्यायचं. आणि छप्पर, गॅस, पाणी, वीज हे सगळं ताबा घेण्याच्या दिवसावर ढकलायचं. त्या दिवशी पैसे डीलरच्या खात्यात गेलेले असतात. मग सापडलेल्या दोषावर घासाघीस करता येत नाही, नुसती विनवणी करावी लागते.

दुसरी गफलत म्हणजे सगळं लक्ष इंजिनाकडे. इंजिन आणि चेसी (चाकांवरचा खालचा सांगाडा) एखाद्या व्हॅनची किंवा ट्रकची असते; तिचे सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणाराही मिळतो. मागचं घर मात्र लाकडी पट्ट्या, फोम, प्लायवूड आणि वरून पातळ पत्रा किंवा फायबरग्लास असे थर एकमेकांना चिकटवून बांधलेलं असतं. त्यात पाणी मुरलं की भिंत सोलल्याशिवाय दुरुस्ती होत नाही आणि मजुरीतच सौदा आतबट्ट्याचा होतो. म्हणून खालचा क्रम असा आहे: कागद आणि वजन, मग ओल, मग घरातल्या यंत्रणा, मग चाकं आणि इंजिन, सगळ्यात शेवटी पैसे. ओलीवर गाडी नापास झाली तर पुढचे तीन तास वाचतात.

टप्पा १: जाण्याआधी फोन

डीलरला आदल्या दिवशी फोन करून एवढ्या गोष्टी ठरवून घ्या.

१. गाडी डीलरने स्वतः विकत घेतलेली आहे, की मालकाच्या वतीने विक्रीला ठेवली आहे? दुसऱ्या प्रकारात डीलर फक्त मध्यस्थ असू शकतो आणि नंतरच्या दोषाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

२. पाणी भरून सगळे नळ चालवून दाखवणार का? थंडीत नळ फुटू नयेत म्हणून पाणी काढून नळांत अँटिफ्रीझ भरलेलं असतं, आणि "आता पाणी भरता येणार नाही" असं उत्तर येतं. मग एक तर तपासणीचा दिवस बदला, नाहीतर पाण्याची पूर्ण चाचणी झाल्याशिवाय व्यवहार पक्का नाही, असं करारात लिहून घ्या.

३. फ्रिज आदल्या रात्री चालू करून ठेवा, असं सांगा. मोटरहोममधला गॅसवर आणि विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज थंड व्हायला बरेच तास घेतो. तासाभराच्या भेटीत त्याची परीक्षा होऊच शकत नाही.

४. इंजिन तुम्ही पोचेपर्यंत कोणीही सुरू करायचं नाही.

५. घराची बॅटरी (दिवे, पंप यांसाठीची, इंजिनाची नव्हे) बसवलेली, गॅस सिलिंडर भरलेला आणि बाहेरच्या विजेची जोडणी तयार हवी.

सोबत न्यायच्या वस्तू: टोकदार पिनांचा मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायला), मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायला), जोरदार टॉर्च, शिडी, दोन साधे थर्मामीटर, साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली, सॉकेटची वायरिंग तपासायचा टेस्टर, ओबीडी रीडर (इंजिनाच्या संगणकातले दोष-कोड वाचणारं यंत्र) आणि टिश्यू पेपरचा एक रोल. टिश्यू पेपर हे या यादीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार, पण ओली नळजोडणी त्याच्याइतकी चटकन दुसरं काही दाखवत नाही. दोघांनी जा, म्हणजे एक जण आत बटणं दाबेल आणि दुसरा बाहेरून बघेल. निदान चार तास आणि भरपूर उजेड हवा.

सावधान: तुम्ही पोचता तेव्हा बॉनेट गरम लागत असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं का, हे तुम्हाला दिसू दिलेलं नाही. कारण विचारा आणि थंड इंजिनासाठी दुसरी वेळ मागा.

पोचल्या पोचल्या दोन कामं, याच क्रमाने. आधी एक थर्मामीटर फ्रिजमध्ये आणि एक फ्रीझरमध्ये ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी आकडे टिपा. फ्रिज ५ अंश सेल्सियसच्या खाली हवा आणि फ्रीझर शून्याच्या बराच खाली. मग फ्रिज गॅसवर टाका आणि बाहेरच्या विजेचा प्लग काढायला सांगा. बॅटरीची खरी अवस्था कळायला तिला चार्जरपासून थोडा वेळ सुटं ठेवावं लागतं. तो वेळ कागद आणि ओल बघण्यात जातो.

टप्पा २: कागद आणि वजन

गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक चेसीवर, दाराजवळच्या प्लेटवर आणि कागदांवर एकच आहे का, हे प्रत्यक्ष वाचून जुळवा. मोटरहोम बहुधा दोन कारखान्यांत तयार होते: एक चेसी बनवतो, दुसरा तिच्यावर घर बांधतो. त्यामुळे चेसीचं साल आणि घराचं साल यांत एखाद-दोन वर्षांचा फरक असू शकतो. तेवढ्यावरून फसवणूक समजायचं कारण नाही, पण किंमत नव्या सालाची आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातला ठरावीक काळाने बदलायचा पट्टा) जुन्या सालाचा, असं होऊ देऊ नका. कंपनीने दोषदुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का, हे चेसी बनवणारा आणि घर बांधणारा अशा दोन्ही कंपन्यांकडे तपासावं लागतं. लोक एकीकडेच बघतात. कर्जाचा बोजा, अपघात आणि पुराची नोंद जिथे मिळते तिथून स्वतः काढा. डीलरने हातात दिलेल्या प्रिंटवर थांबू नका.

आता वजन. ही चूक सर्वात जास्त होते, कारण डोळ्यांना काही दिसत नाही. प्लेटवर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. कॅटलॉगमधलं रिकामं वजन मात्र विसरा. ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छत), छपरावरचा एसी, सोलर पॅनल, दुसरी बॅटरी, मागचं सायकल स्टँड हे सगळं नंतर बसवलेलं असतं आणि त्यात धरलेलं नसतं. गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगा.

समजा कमाल वजन ३५०० किलो आहे आणि इंधन भरून काट्यावर ३०४० किलो भरलं. हातात राहिले ४६० किलो. चार माणसांचे २८० गेले, उरले १८०. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर १०० किलो गेले, उरले ८०. दोन भरलेल्या सिलिंडरचे ५० धरा. अंथरूण-पांघरूण, भांडी, कपडे, खुर्च्या आणि खाणंपिणं या सगळ्यासाठी उरले ३० किलो. अशी गाडी चौघांची नाही, पलंग कितीही असोत.

पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्या. मागच्या चाकांच्या पलीकडे लांब शेपूट असलेल्या गाडीत तिथे ठेवलेलं सामान तरफेसारखं काम करतं: पुढचा आस हलका होतो आणि मागच्यावर सामानाच्या वजनापेक्षा जास्त भार येतो.

तपासणी: झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट असलेल्या सीटा मोजा. सहा जण झोपतील अशा गाडीत पट्टे चारच असणं अगदी नेहमीचं आहे. गाडीचं कमाल वजन तुमच्या वाहन परवान्यात बसतं का, हेही आत्ताच बघा.

कॅराव्हॅन असेल तर ओढणाऱ्या गाडीची क्षमता आणि जोडणीवर पडणारा भार या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. उत्तर अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा लागतो. युरोपीय हलक्या कॅराव्हॅनमध्ये तो बराच कमी ठेवतात. जोडणीचा हूक, ट्रेलरची दांडी आणि गाडी, या तिघांपैकी ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, ती तुमची मर्यादा. भार कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो.

टप्पा ३: ओल, बाहेरून

छपरापासून सुरुवात करा. छप्पर माणसाचं वजन पेलतं का, हे आधी विचारा. नसेल तर शिडीवरूनच बघा. छपरात जिथे जिथे भोक पाडलेलं आहे तिथून पाणी शिरतं: हवेची झाकणं, एसीखालची गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी), अँटेना, सोलर पॅनलचे स्क्रू, केबलची प्रवेशजागा. प्रत्येकाभोवतीचं सीलंट (फट बुजवणारा लेप) बोटाने दाबा. ते मऊ आणि सगळीकडून चिकटलेलं हवं. केसासारख्या भेगा, सुटलेल्या कडा, खाली गेलेला खड्डा हे दोष.

चकचकीत ताजं सीलंट दिसलं तर खूश होऊ नका. जुनं खरवडून, साफ करून नवं भरलं असेल तर उत्तम, पण बहुतेक वेळा मळक्या जुन्या थरावर नवा थर चढवलेला असतो. कडेला नखाने हलकं उचलून बघा, खाली काय आहे ते कळतं. साधं सिलिकॉन थापलेलं असेल तर तो वेगळाच वैताग: सिलिकॉनवर पुढे दुसरं कुठलंच सीलंट नीट धरत नाही, आधी ते पूर्ण काढावं लागतं.

खाली उतरून भिंतींकडे या. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि उजेडाच्या रेषेत नजर ठेवा. समोरून सपाट दिसणाऱ्या फायबरग्लासच्या भिंतीवरचे फुगे आणि लाटा अशा आडव्या उजेडात लगेच दिसतात. फुगवट्यावर तळवा दाबा; भिंत आत जाऊन परत आली तर थर सुटलेले आहेत आणि मागे पाणी आहे किंवा होतं. खिडक्यांच्या खालचे कोपरे, पुढचा उतार, मागच्या दिव्यांच्या आसपास आणि अगदी वर असलेले छोटे दिवे या जागा सोडू नका. त्या छोट्या दिव्यांच्या मागे तारेसाठी भोक असतं आणि त्यांची गॅस्केट कोणी बदलत नाही.

भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तिथल्या पट्टीतलं रबर आखडून आत स्क्रू दिसत असतील, आणि ते गंजले असतील, तर पाणी स्क्रूच्या वाटेने लाकडात उतरतं आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि सुईच्या टोकाएवढी भोकं म्हणजे पत्रा आतून सडतो आहे.

शेवटी गाडीखाली वाका. चाकांच्या कमानीजवळ आणि पायरीपाशी तळाच्या प्लायची कड उघडी असते. ती काळी पडली असेल तर परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. तळाला लावलेलं काळं आवरण पोटासारखं खाली लोंबत असेल तर त्यात पाणी साठलेलं असू शकतं.

टप्पा ४: ओल, आतून

दारं-खिडक्या दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून आत जा आणि पहिला श्वास नाकाने घ्या. कुबट वास म्हणजे काय ते कळतंच. सुगंधी फवाऱ्याचा भपका आला तर तो कशाला मारला, हा प्रश्न विचारा.

मॉइश्चर मीटर आधी गाडीच्या मधोमध असलेल्या आतल्या फळीवर लावून कोरड्या लाकडाचा आकडा घ्या. त्याच्याशी तुलना करत बाहेरच्या भिंतींवर फिरा. पिनांचे ठिपके दिसू नयेत म्हणून कपाटांच्या आत, गादीखाली, पट्टीच्या आड अशा जागा निवडा. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही. १५ ते २० मध्ये आसपास आणखी मोजा आणि कारण शोधा. २० च्या वर पाणी शिरत आहे असं धरून चाला. ३० च्या आसपास लाकूड बहुधा गेलेलं असतं.

मोजायच्या जागा: छताचे चारही कोपरे, प्रत्येक खिडकीचे खालचे दोन कोपरे, छपरावरच्या प्रत्येक झाकणाची कड, शॉवरच्या भिंतीचा तळ, टॉयलेटभोवतीची जमीन, दाराचा उंबरा. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या मोटरहोममध्ये त्या पलंगाची पुढची कड सर्वात बदनाम आहे. गादी पूर्ण उचलून तिथे दोन्ही टोकांना मोजाच.

मीटरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तो दोन्ही बाजूंनी चुकतो. मागे धातूची पट्टी किंवा चंदेरी कागद असेल तर कोरडी भिंतही ओली दाखवते. उलट, गाडी महिनाभर शेडमध्ये डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून ठेवली असेल तर कुजलेलं लाकूडसुद्धा १२ टक्के दाखवेल. म्हणून मीटरच्या जोडीला अंगठा वापरा. जिथे जिथे मोजलं तिथे दाबूनही बघा. भिंत पुठ्ठ्यासारखी दबली किंवा करकरली, तर आकडा काहीही असो. जमिनीवर टाचेने वजन टाकत सावकाश चाला, भिंतीकडेने आणि सिंकच्या पुढे. स्पंजासारखं लागणारं ठिकाण म्हणजे प्लायचे थर सुटलेत.

इथे थांबा: शेजारशेजारच्या दोन ठिकाणी २० च्या वर आकडा किंवा एक जरी मऊ जागा मिळाली तर तपासणी संपवा. "आम्ही सील करून देतो" यावर होकार देऊ नका. सीलंटने पुढचं पाणी थांबेल, आत कुजलेलं तसंच राहील.

टप्पा ५: वीज

क्रम चुकला की ही तपासणी फुकट जाते. बाहेरची वीज जोडलेली असताना चार्जर चालू असतो आणि मेलेली बॅटरीसुद्धा ठणठणीत भासते. म्हणून आधी बॅटरी, मग प्लग.

एव्हाना बॅटरी तासभर तरी सुटी आहे. दहा मिनिटं सगळे दिवे लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मल्टिमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर हे आकडे लागू नाहीत. ती भरलेली असताना १३.३ च्या आसपास राहते आणि संपत येईपर्यंत फारशी उतरत नाही. आता दिवे आणि पंखा अर्धा तास चालू ठेवून पुन्हा मोजा. भरलेली म्हणून दाखवलेली बॅटरी एवढ्यात १२ च्या खाली घसरली तर ती बदलायची आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

मग प्लग जोडा. त्याच जागी व्होल्टेज १३.५ ते १४.४ पर्यंत चढायला हवं. जागचं हललं नाही तर चार्जर किंवा त्याचा फ्यूज गेलेला आहे. प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर लावून तारांची अदलाबदल नाही ना ते बघा आणि विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं चाचणी बटण दाबा. वीज तात्काळ तुटली पाहिजे. बाहेरच्या प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील किंवा प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर सैल जोडणीवर जास्त भार ओढलेला आहे.

एक उपयोगी सवय: पॅनेल उघडून मागच्या तारा बघा. आधीच्या मालकाने स्वतः केलेली वायरिंग लगेच ओळखू येते. एकाच फ्यूजवर चार जोडण्या, रंग बदललेल्या तारा, चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे. आग बहुतेक अशाच ठिकाणी लागते.

टप्पा ६: गॅस

सावधान: गळती शोधायला काडी किंवा लायटर कधीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा डिटेक्टरही खाली बसवलेला असतो.

१. गॅसच्या रबरी नळीवरची आणि सिलिंडरवरची तारीख वाचा. नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बाद.

२. सिलिंडर उघडून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे वाढत गेले तर गळती.

३. शेगडीचा प्रत्येक बर्नर लावा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. मग नॉब चालू ठेवून ज्योत विझवा: सुरक्षा झडप असलेल्या शेगडीत मिनिटभरात "टक" आवाज होऊन गॅस बंद झाला पाहिजे. नाही झाला तर लगेच नॉब बंद करा आणि खिडक्या उघडा.

४. हीटर लावून त्याचं पूर्ण एक चक्र होऊ द्या. नुसता पंखा फिरला म्हणजे हीटर चालला असं होत नाही. बाहेरच्या धुराड्याभोवती काजळी असेल तर ज्वलन नीट होत नाही.

५. गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि धुराच्या डिटेक्टरवर मुदत छापलेली असते. चाचणी बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. मुदत संपली की बदलायचाच.

फ्रिज आता गॅसवर चालतो आहे. बाहेरची जाळी काढून मागे टॉर्च मारा. पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा उग्र वास म्हणजे थंड करणारं युनिट फुटलेलं आहे, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे जवळपास फ्रिज बदलणंच. शोषण पद्धतीचा फ्रिज गाडी तिरकी असताना नीट चालत नाही, तेव्हा त्याला नापास करण्याआधी गाडी समपातळीत आहे ना ते बघा.

माझ्या मते गॅसची दाब-चाचणी ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याकडूनच करून घ्यावी आणि तिचा कागद ताब्याच्या कागदांत असावा. वरची तपासणी त्या चाचणीची जागा घेत नाही.

टप्पा ७: पाणी

टाकी पूर्ण भरा. पाव टाकी भरून दाखवतात तेव्हा वरचे सांधे आणि भरायची नळी तपासलीच जात नाही. पंप चालू करा, प्रत्येक नळ हवा निघून जाईपर्यंत उघडा, मग सगळे बंद करा. पंप दोन-चार सेकंदांत थांबायला हवा. आता पाच मिनिटं गप्प बसून ऐका. कोणीही नळ न उघडता पंप मध्येच घुर्र करून पुन्हा थांबला तर कुठेतरी दाब गळतो आहे. सिंकखाली, टॉयलेटच्या मागे, हीटरपाशी, पंपाच्या फिल्टरपाशी प्रत्येक जोडणी कोरड्या टिश्यूने पुसा.

सावधान: पाण्याचा हीटर टाकीत पाणी असल्याची खात्री झाल्यावरच सुरू करा. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आली म्हणजे टाकी भरली. रिकाम्या टाकीत विजेचं एलिमेंट बघता बघता जळतं.

टॉयलेटच्या भांड्यात थोडं पाणी सोडून अर्ध्या तासाने बघा; पाणी खाली गेलं असेल तर तळाचं सील गेलं आहे आणि मैल्याच्या टाकीचा वास आत येणार. सांडपाण्याची टाकी निम्मी भरून बाहेरच्या झडपेखाली टिश्यू ठेवा. पॅनेलवरचा मैल्याच्या टाकीचा दर्शक रिकामी असताना "भरलेली" दाखवतो, ही जवळपास सगळ्याच जुन्या गाड्यांची खोड आहे. त्यावरून सौदा मोडू नका.

टप्पा ८: एसी, सरकणारी खोली, ऑनिंग, जनरेटर

एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून आत खेचली जाणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक चांगला. बाजूला सरकणारी खोली असेल तर दोनदा पूर्ण आत-बाहेर करा. दोन्ही टोकं सारखी सरकली पाहिजेत, आणि बाहेर काढल्यावर तिच्या जमिनीची खालची कड हाताने दाबा, तिथे पाणी मुरतं. ऑनिंग शेवटपर्यंत उघडा; बुरशी आणि फाटकी शिवण नेहमी गुंडाळलेल्या शेवटच्या भागात असते. जनरेटर एसीचा भार टाकून अर्धा तास चालवा. मीटरवर फारच कमी तास दिसले तर ते भूषण समजू नका, पेट्रोलचा जनरेटर वापराविना पडून राहिला की कार्ब्युरेटर चिकटतो.

टप्पा ९: चाकं, इंजिन आणि चक्कर

टायरचा नक्षीदार भाग नवा दिसतो म्हणून फसू नका. या गाड्या उभ्याच जास्त राहतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचे टायर बदलायचे धरूनच हिशेब करा. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर वय कितीही असो. सगळी चाकं बघा, आतल्या बाजूची जोडचाकं आणि स्टेपनीसुद्धा.

इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण आणि कूलंट बघा. झाकणाखाली दुधाळ साय असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे, सतत पांढरा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. टायमिंग बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही मोजा; तो बदलल्याची पावती नसेल तर बदलायचा आहे असंच धरा.

ओबीडी रीडर लावा. दोष-कोड शून्य दिसले तरी तयारी-चाचण्या (गाडीचा संगणक आपोआप घेतो त्या) "अपूर्ण" दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. चक्कर मारून आल्यावर पुन्हा वाचा.

चक्कर निदान अर्धा तास, त्यात चढ, मोठ्या रस्त्याचा वेग, मोकळ्या जागी जोरात ब्रेक आणि रिव्हर्स. सुरुवातीला इंजिन चालू असताना घराच्या बॅटरीचं व्होल्टेज वाढतं का ते बघा. कॅराव्हॅन ओढून आणल्यावर प्रत्येक चाकाचा मधला भाग आधी तळवा जवळ नेऊन, मग हलकं टेकवून बघा; एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. अचानक सुटल्यास ट्रेलरचे ब्रेक लावणारी केबलही ओढून बघा.

तपासणी: परतल्यावर गाडीखाली नवे थेंब, सुटलेली कपाटाची दारं आणि सिंकखालची टिश्यू पुन्हा एकदा. हादऱ्याने सैल सांधे बोलू लागतात.

टप्पा १०: पैसे

तुमची यादी स्वच्छ आली तर स्वतंत्र तपासनीस बोलवा, डीलरने सुचवलेला नको. टोकन तेव्हाच द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की तपासनीसाच्या अहवालात ओल, गॅस किंवा चेसीचा दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत मिळेल.

किमतीवर बोलताना महिन्याच्या हप्त्यावर बोलू नका. हप्ता कमी दिसतो कारण मुदत लांबवलेली असते. आधी गाडीची सगळ्या शुल्कांसह एकूण किंमत कागदावर, मग कर्ज, मग तुमची जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिची किंमत. तिन्ही आकडे एकत्र कालवले की कुठे सूट मिळाली आणि कुठे गेली, याचा पत्ता लागत नाही. तयारी शुल्क, कागदपत्र शुल्क अशा ओळी एकेक करून विचारा. त्यातल्या बऱ्याच कमी होतात.

वाढीव वॉरंटी देऊ केली तर ती नक्की कोण देतं आणि काय वगळलं आहे, हे मूळ कागदात वाचा. पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेकदा वगळलेलं असतं, म्हणजे ज्या दोषाची सगळ्यात जास्त भीती तोच बाहेर.

"आहे त्या स्थितीत" असा शेरा करारात असेल तर तोंडी दिलेल्या कुठल्याही शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून डीलरने कबूल केलेली प्रत्येक दुरुस्ती भागाचं नाव, काम आणि तारीख यांसह लिहून, सही घेऊन कराराला जोडा. "गाडी तपासून देऊ" हे वाक्य पुरेसं नाही. "मागच्या झाकणाभोवतीचं जुनं सीलंट काढून नवं भरणार" असं हवं.

टप्पा ११: ताबा

उरलेले पैसे देण्याआधी दुरुस्त्या पूर्ण झाल्या का, हे त्या यादीवरून एकेक करून बघा आणि पाणी, गॅस, विजेची चाचणी पुन्हा करा. दुरुस्तीच्या वेळी उघडलेली जोडणी तशीच सैल राहणं नवं नाही. डीलरचा माणूस सगळं समजावून सांगताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या: टाकी रिकामी कशी करायची, हीटरचा बायपास (हीटर वगळून पाणी पुढे नेणारी झडप) कुठे, फ्यूज कुठे, सरकणारी खोली वीज गेल्यावर हाताने कशी आत घ्यायची. सगळ्या किल्ल्या प्रत्येक कुलुपात लावून बघा. उपकरणांच्या पुस्तिका, गॅसच्या चाचणीचा कागद आणि ओल-तपासणीचे जुने अहवाल त्याच दिवशी मागून घ्या, नंतर ते सापडत नाहीत.

पहिल्या दोन रात्री डीलरपासून जवळच काढा, शक्यतो एक रात्र बाहेरच्या विजेवर आणि एक फक्त बॅटरीवर. जे बिघडेल त्याचा फोटो काढून तारखेसह लेखी कळवा. फोनवर सांगितलं असेल तरी तोच मजकूर ईमेलने पाठवा, कारण वॉरंटीची मुदत मोजताना लेखी तक्रारीची तारीख धरली जाते.